डाव्या कोपऱ्याचा खेळाडू

लग्नानंतर शेजारच्या मल्लम्माकाकूंकडं पहिल्यांदा हळदीकुंकवाला गेले, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांचे मालक गुंडाप्पा जुने कबड्डीपटू. दारात बसून दिवसभर रस्त्यानं जाणाऱ्या सायकली मोजायचे.

"पोरी, नवरा खेळून घरी आला की आधी त्याला तुझं नाव विचार. सांगितलं तरच ताट वाढ."

"रोज उखाणा घ्यायचा का त्यांनी?" मी म्हणाले. नुकतीच बी.एस्सी. झालेली, सगळ्याचं हसू यायचं. काकू हसल्या नाहीत.

माझे पती उमाशंकर डावा कोपरा खेळतात. चढाई करणारा आत शिरला की खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा, हे त्यांचं काम. अशा वेळी डोकं समोरच्याच्या गुडघ्याशी येतंच. अणदूरला शाळेमागच्या मातीवर ते शिकले, मग जिल्हा, मग राज्य, आणि एकदा भारताकडून परदेशात. तेव्हा गावानं ट्रॅक्टरवरून मिरवलं. पुढं टीव्हीवरच्या सामन्यांत नवी पोरं आली, ह्यांना बोलावणं येईना. उरल्या जत्रेतल्या स्पर्धा. एसटीनं भूमला जायचं, दिवसभर अंग ठेचून घ्यायचं, सत्काराचा फेटा बांधून परत यायचं. स्टँडवर कुणी ओळखत नव्हतं. हे बोलले नाहीत कधी, पण भाजी आणायला जाताना भारताची जर्सी घालायला लागले, ते मला दिसत होतं.

गेल्या वर्षी बेंबळीच्या सामन्यात एकाचा गुडघा कानामागं बसला. हळद लावून पुढचा डाव खेळले. तेव्हापासून उजेड सहन होईना. जेवून हात धुतले की विचारायचे, "आज जेवायला न्हाय का?" मी तुळजापूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

पण त्याआधी खंडोबाची यात्रा आली. ढोल जोरात चाललेले. हे गर्दीत उभे होते, डोळे फिरले, अंग ताठ झालं आणि थरथरत खाली पडले. मुलगी माझ्या कडेवर. मी पुढं सरकेपर्यंत कुणीतरी म्हणालं, "देव आला अंगात." लगेच कपाळाला भंडारा फासला गेला. बायका पाया पडायला लागल्या. मी "वाट द्या, वारा लागू द्या" म्हणत होते.

"वैनी, देवाला आडवू नका," एकानं मलाच मागं ढकललं.

घरी आल्यावर मी म्हणाले, "अहो, ती फीट होती. उद्याच जाऊ डॉक्टरांकडं."

"लोकांनी पाय धरले गं माझे."

"व्हय, पण..."

"भारताकडून खेळून आलो तवा बी एवढे न्हाय आले."

आतून सासूबाई म्हणाल्या, "देवाचं हाय ते. डाक्टराला काय कळतंय?"

डॉक्टरांची वेळ टळली. काही रविवार माणसं नारळ घेऊन आली, हे पाटावर बसून राहायचे. मग माणसं यायची थांबली, आणि सांगलीहून एका संघाचा फोन आला. त्यांना अनुभवी कोपरा पाहिजे होता.

"नका जाऊ," मी बॅग धरून ठेवली.

"मग काय करू? गुंडाप्पाच्या शेजारी बसून सायकली मोजू?"

ते गेले. सासूबाई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्यात, मुलीचे दात येतायत, मला हलता येत नाही. घरात माझ्याच आवाजाचा कंटाळा आलाय. परवा फोनवर ह्यांनी विचारलं, "आपल्याला मुलगी झाली का मुलगा?" मी चेष्टा समजून हसले, पण पलीकडं ते उत्तराची वाट बघत होते. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

संघाचे व्यवस्थापक म्हणतात, "दादा ठणठणीत हायेत, व्हिडिओ बघा की." बघितला. पकड झकास झाली. सगळे उठले. हे उठून समोरच्या संघाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. पोरांनी हसत हाताला धरून परत आणलं. त्यातल्या कुणालाच काही वाटलेलं दिसत नाही.

तुम्ही सांगलीचे असाल, किंवा तुमचं कुणी तिथं असेल, तर एवढं करा. नदीकडच्या मैदानामागं पत्र्याची खोली आहे, सरावानंतर ते तिथंच असतात. दार नुसतं लोटलेलं असतं. उजेड नको म्हणून दिवा लावत नाहीत. अंधार बघून, झोपलेत समजून, परत फिरू नका. आत जा, हलवून उठवा, आणि तसंच दवाखान्यात घेऊन जा.