क्राउसबाईंचं गवत

इंजिन उघडलेलं दिसलं की समोर माणूस उभं आहे याचं भान माझ्या नवऱ्याला राहत नाही. गिऱ्हाईक असो, पाद्री असो, नाहीतर मी असो. काउंटरवर मी बसते म्हणून हे गॅरेज चालतंय. मर्लवर सोडलं असतं, तर लोकांनी केव्हाच कुलूप लावायला लावलं असतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला क्राउसबाईंचा गवत कापायचा ट्रॅक्टर आमच्याकडे आला. आला म्हणजे ट्रेलरवरून ढकलत उतरवला. उणेपुरे दोन उन्हाळे वापरलेला, रंगाला ओरखडासुद्धा नव्हता. मर्लने झाकण उचललं, वाकून टॉर्चचा उजेड मारला आणि खदाखदा हसायला लागला.

"लव्हॉन, ये लवकर! पोट फाडून बाहेर आलाय बघ!"

पिस्टनला ओढणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, तुटून इंजिनच्या कवचातून आरपार बाहेर आला होता. अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. क्राउसबाई काठी टेकत शेजारीच उभ्या होत्या. त्यांना काय दिसत होतं देव जाणे, पण मर्लला आता श्रोता मिळाला होता.

"हा बघा रॉड. याच्याऐवजी तुमच्या स्वयंपाकघरातला चमचा घातला असता तर जास्त टिकला असता. सिलिंडरला आतून लोखंडी स्लीव्ह नाही, म्हणजे अस्तरच नाही, नुसतं ॲल्युमिनियम. आणि वर छापतात काय, तर ऑइल बदलायची गरज नाही! कशाला बदलताय? बदलायची वेळ येईपर्यंत हे मेलेलं असतं. एमिलला मी घेतानाच सांगितलं होतं, घेऊ नकोस. ऐकलं नाही. स्वतः सुटला आणि ही धोंड तुमच्या गळ्यात बांधून गेला."

एमिल म्हणजे बाईंचा नवरा. त्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. आपल्यामागे हिला जोर लावायला लागू नये, चावी फिरवली की चालावं, म्हणून त्याने आजारपणात हा ट्रॅक्टर घेतला होता. मी मर्लकडे डोळे वटारले. पण गाढवापुढे वाचली गीता.

"मर्ल, तो कधी चालू होईल एवढं सांग," बाई म्हणाल्या. "मेमोरियल डेच्या आधी हवाय मला."

मग त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावून खरं काय ते सांगितलं. हिवाळ्यात त्या बर्फावर घसरून पडल्या, नवा खुबा बसवावा लागला. तेव्हापासून मुलगा कर्टिस त्यांना कोलंबस शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणत होता. बाई तो बघूनही आल्या होत्या. एक खोली, आणि खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते म्हणे. ईस्टरच्या जेवणात, सगळ्यांसमोर, कर्टिस म्हणाला होता, "आई, स्वतःचं गवत स्वतः कापतेस तोवर तू या घरात राहा. ज्या दिवशी दुसऱ्याला बोलवावं लागेल, त्या दिवशी घर विकायचं." बाईंनी लगेच हात पुढे करून सौदा पक्का केला होता. त्यांना काय, ट्रॅक्टर नवा होता. आता मेमोरियल डेला, म्हणजे मेअखेरच्या सोमवारी गेलेल्यांच्या कबरींवर फुलं ठेवायची सुट्टी असते तेव्हा, कर्टिस येणार होता.

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. आमच्या गावात वाटत नाही. आमच्याकडे कुणाच्या घरात किती पसारा आहे ते कुणी बघत नाही, अंगणातलं गवत बघतात. गवत घोट्याच्या वर गेलं की समजायचं, या घरात कुणीतरी आजारी आहे, दारू पितंय किंवा मेलंय.

"कुणाला बोलू नकोस हं, लव्हॉन," बाई म्हणाल्या. "गावाला कळलं म्हणजे कर्टिसला कळलं."

मी शपथ घेतली.

उपाय अगदी सोपा होता. त्या ट्रॅक्टरला बसेल असं नवंकोरं इंजिन खोक्यातून मिळतं. मागवायचं, दुपारभरात बसवायचं, झालं. बाईंसमोर मर्लने मान डोलावली. त्यांची गाडी वळणावरून गेली, आणि साहेब म्हणाले, "असला कचरा मी माझ्या हाताने बसवणार नाही."

"अरे, तिला तोच पाहिजे!"

"तिला काय कळतंय? पुन्हा दोन वर्षांनी फुटेल. मागच्या शेडमध्ये जुनं इंजिन पडलंय, लोखंडी स्लीव्हचं. ते आतून घासून घेतो, मोठा पिस्टन टाकतो. याला म्हणतात इंजिन!"

"मर्ल, बाई ऐंशीला टेकल्यात. दोन वर्षांच्या पुढचं कुणी मागितलंय तुझ्याकडे?"

मी हे बोलले आणि दारात काठीचा आवाज आला. बाई पर्स विसरल्या होत्या. पर्स उचलून त्या शांतपणे म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे, मर्ल. दोन पुरतील मला. खोक्यातलंच बसव." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मर्ल मात्र "हो हो" म्हणाला आणि त्या गेल्यावर शेडची चावी घेऊन चालता झाला. इतकं स्पष्ट बोलणं ऐकूनसुद्धा!

सिलिंडर घासून देणारा ऑगी पलीकडच्या तालुक्यात राहतो. तो मासे मारायला गेला होता. परत आला तर पिस्टन चुकीच्या मापाचा निघाला. पुन्हा मागवला. बाई रोज सकाळी फोन करायच्या आणि मी मर्लकडे बघायचे. तो हात न थांबवता म्हणायचा, "गुरुवारी होईल म्हणून सांग." कुठला गुरुवार ते कधी सांगितलं नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो इंजिनला कुरवाळत बसला होता आणि बाहेर पाऊस पडून गेला की ऊन, ऊन गेलं की पाऊस. गवताला आणखी काय हवं?

मी बाईंना माझं गवत कापायचं यंत्र देऊ केलं. पण ते दोन दांड्यांनी चालतं, त्याची सवय लागते. आमच्याच अंगणात त्यांनी एकदा चालवून पाहिलं आणि सरळ माझ्या पिओनीच्या ताटव्यात घुसल्या. उतरून फुलांची माफी मागितली, माझी नाही. आम्ही दोघी खूप हसलो. मग त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि घरी गेल्या.

मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी पिस्टन बसला. ही बातमी सांगायला मी त्यांच्याकडे गेले, तर लांबूनच घरघर ऐकू आली. चर्चच्या पुरुषमंडळाचे पाच ट्रॅक्टर बाईंच्या अंगणात फिरत होते. पुढे वेंडेल ब्रांट, मंडळाचा अध्यक्ष आणि बाईंचा शेजारी. गवत गुडघ्याकडे निघालेलं पाहून या लोकांच्या मनात दया उत्पन्न झाली होती. विचारायचं नसतं, आपण जायचं आणि कापून यायचं, ही आमच्याकडची रीत. पायरीवर कुणीतरी घरी भाजलेली रुबार्बची गोड पाईसुद्धा ठेवली होती.

आणि बाई ओसरीवर उभ्या राहून ओरडत होत्या, "थांबा! बंद करा! मी तुम्हाला बोलावलं नाही!"

पाचही जणांच्या कानांवर इंजिनचा आवाज अडवणारे जाडजूड मफ होते. बाईंनी काठी हलवली, तसे त्यांनी हात हलवले. बाईंनी दोन्ही हात हलवले, तर एकाने टोपी काढून अभिवादन केलं. शेवटी बाई खाली उतरल्या आणि वेंडेलच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. त्याने अदबीने त्यांना वळसा घातला. मग दुसऱ्याने घातला. सगळं अंगण साफ झालं आणि मधोमध उंच गवताच्या एका गोल तुकड्यात बाई तेवढ्या उरल्या.

मी धावत जाऊन वेंडेलच्या कानावरचा मफ ओढला. "वेंडेल, तिला नकोय हे!"

"अगं, असंच म्हणतात सगळे," तो हसून म्हणाला. "माझी आईपण मरेपर्यंत नको नकोच म्हणायची. आपण का ऐकायचं?"

मग तो उतरला, बाईंना कोपराला धरून ओसरीवर घेऊन गेला, खुर्चीत बसवलं, "तुम्ही मुळीच त्रास घेऊ नका, मिसेस क्राउस," म्हणाला आणि परत येऊन तो गोलही कापून टाकला. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणायचीही सोय नव्हती.

"निदान कर्टिसला दिसणार तरी नाही," बाई मला म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. "गवत कापलेलं आहे. कुणी कापलं हे कुठे लिहिलंय त्यावर?"

मला वाटलं, खरंच, निभेल.

रविवारी कर्टिस आईशेजारी चर्चमध्ये बसला होता. आम्ही मागच्या बाकावर होतो. प्रवचन संपलं आणि पाद्री म्हणाले, "आपल्या पुरुषमंडळाचे आभार मानू या. आपली भगिनी आयडेला क्राउस यांना अंगण आवरेनासं झालं, तेव्हा हे पाच जण न बोलावता धावून गेले." पाचांची नावं घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्टिसने मान वळवून आईकडे पाहिलं. त्या ताठ बसून समोर बघत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. सगळेच वाजवत होते, त्या तरी काय करणार?

सोमवारी सकाळी एमिलच्या कबरीवर फुलं ठेवून मायलेक घरी आले. दुपारी मर्ल ट्रेलर घेऊन निघाला. मी म्हटलं, "आता कशाला नेतोस?" तर म्हणे, "आवाज तर ऐकू दे तिला." मी सोबत गेले, कारण हा काय बोलेल याचा भरवसा नव्हता.

आईला कोलंबसला न्यायला कर्टिस गाडीत तिच्या बॅगा भरत होता. माणूस वाईट नाही हो तो. आईचं औषध कुठल्या बॅगेत आहे ते त्याला पाठ होतं. मर्लने ट्रॅक्टर उतरवून सुरू केला. आवाज खरंच सुरेख होता, मला कबूल करायलाच हवं. बाई कोट घालून ओसरीवर उभ्या होत्या. त्या काठी तिथेच टेकवून खाली आल्या आणि कुणाला न विचारता सीटवर चढल्या. पातं सुरू केलं आणि निघाल्या.

पट्टा काढावा तर तसा. कडेकडेने सरळ, टोकाला वळण, पुन्हा सरळ. फुलांना धक्का नाही, झाडाच्या बुंध्याला धक्का नाही. प्रत्येक फेरीला त्या कर्टिसकडे बघत होत्या. पण पात्याखालून काहीच उडत नव्हतं. परवाच सगळं कापलेलं.

कर्टिस त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "छान, आई. छान चालवतेस. पण तिथे कापायला काहीच नाहीये गं. चल, उतर."

"अजून मागची बाजू राहिलीय."

"आई."

"मागची बाजू राहिलीय म्हणते ना!"

त्याने त्यांच्या बगलेत हात घातले आणि जत्रेतल्या लाकडी घोड्यावरून पोर उतरवावं तसं उचललं. त्या सीटवरून उठल्या त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. अंगणात एकदम शांतता झाली. त्या शांततेत बाईंचं "नको, नको" शेजारपाजारच्या सगळ्यांना नीट ऐकू आलं. कुणीही कानांवर काही लावलेलं नव्हतं. वेंडेल त्याच्या कुंपणापाशी उभा होता, तो आत निघून गेला.

मर्ल घाईघाईने पुढे झाला. मला वाटलं, हा आता माणसासारखं काहीतरी बोलेल.

"इंजिन नाही हं बंद पडलं, कर्टिस," तो म्हणाला. "गैरसमज नको. सीटखाली बटण असतं, माणूस उठला की बंद होतं."

कर्टिसने "बरं" म्हटलं आणि आईला गाडीत बसवून तिचा पट्टा लावला.