आवाज न करण्याची नोकरी

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा कान गेलाच आहे, उजवाही फार दिवस साथ देणार नाही. घरी आल्यावर मी ह्यांना म्हणाले, "काय सांगायचं राहिलं असेल ते आता सांगून टाका. आणि मोठ्यानं सांगा."

ह्यांनी मान हलवली. झुपकेदार मिशी हलली. मला काही ऐकू आलं नाही.

ह्यांचा आवाज पहिल्यापासून असाच. उमेदीची सगळी वर्षं पाणबुडीत गेली. सुट्टीवर आले तरी दार चोरासारखं लावायचे. सासूबाई म्हणायच्या, "घरात मुलगा आलाय की मांजर, तेच कळत नाही." तेव्हा माझे कान धड होते म्हणून निभावलं. आता सून मधे बसते आणि ह्यांचं बोलणं मला ओरडून सांगते. तीही बिचारी दमते. नवऱ्याचं बोलणं सुनेच्या तोंडून ऐकायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. हळूहळू हे 'मीठ दे' एवढ्यापुरतेच उरले.

त्यातच ह्यांची पाणबुडी मोडीत काढल्याचं कळलं. तोडायला नेण्याआधी जुन्या लोकांना घरच्या माणसांसह एकदा आत सोडणार होते. माझे गुडघे नको म्हणत होते, तरी गेले. म्हटलं, तिथे तरी ह्यांचं तोंड उघडेल.

गोदीत नवीकोरी युद्धनौका उभी होती, उंच, करडी. तिच्या शेजारी आमची ही, डुंबत बसलेल्या म्हशीसारखी. शिडीवरून खाली उतरता उतरता जीव मेटाकुटीला आला. आत तेलाचा जुनाट वास. वाट एवढी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं पोट आत घ्यायचं. आणि आता तर सगळ्यांचीच पोटं सुटलेली.

तिथे ह्यांचा जुना सोबती भेटला. पाण्यातले आवाज ऐकायचं काम त्याचं, म्हणून सगळे त्याला कान्या म्हणत. माझ्या उजव्या कानाला तोंड लावून तो म्हणाला, "वहिनी, वर शत्रूचं जहाज आलं की आम्ही इंजिन बंद करून गप पडून राहायचो. चमचा पडला तरी वर ऐकू जायचा. हा एकदा शिंकायला लागला, तर मी ह्याच्या तोंडात मोजा कोंबला."

"धुतलेला तरी होता का?"

"धुवायला पाणी कुठं होतं!"

हे पुढे उभे राहून आपली झोपायची फळी दाखवत होते. मिशी नुसती हलत होती. मी ह्यांचा हात धरून म्हणाले, "अहो, आता वर कोणी नाही. बोला की."

ह्यांनी फळीकडे बोट केलं. मी बघायला वाकले.

"अगं, डोकं सांभाळ!"

ऐकलं मी. शब्द न् शब्द, मधे कोणी नसताना. डोक्याजवळ लोखंडी चाक होतं, पण माझं तिकडे लक्ष कुठलं! हसतच मी मागे वळले.

सगळे म्हातारे जागच्या जागी थिजले होते. एकाचा चहाचा कप ओठांशी, एकाचा पाय उंबऱ्यावर अधांतरी. कान्यानं डोळे मिटून घेतले होते. बाकीच्यांच्या नजरा छताला. आणि हे भिंतीला टेकलेले, घामाघूम, स्वतःच्याच तोंडावर हात दाबून.

मग कोणीतरी हसलं. कप खाली आला. ह्यांचा हात मात्र निघेना. मी तो सोडवला तर बोटं गार पडलेली. ह्या माणसाला मी मोठ्यानं बोला म्हणून धोशा लावला होता.

"राहू द्या," मी म्हणाले. "तुम्ही आपलं हळूच बोला. मी ओठांकडे बघत जाईन. फक्त ती मिशी उतरवा, तिच्याखाली काही दिसत नाही."

त्यावर हे काहीतरी म्हणाले. नाहीच म्हणाले असणार. मिशी फार जोरात हलली.