मागच्या दाराची किल्ली

“घ्या काकी, एक घोट तरी घ्या. लिमोनाद थंड हाय,” म्हणत देवराजने ग्लास भगवतीकाकींच्या पुढ्यात ठेवला.

“नको रं बाबा. घरी परत जाईस्तोवर मी काय पीत नाय.”

“असं कसं? पोरीच्या लग्नाची खरेदी हाय. दुकानाची रीतच हाय आमच्या.”

रीत होती खरी. पोर्ट लुई शहरातल्या त्या कापडदुकानात लग्नाचं गिऱ्हाईक आलं की त्याला बाकावर बसवायचं, लिमोनाद पाजायचं आणि सहजासहजी उठू द्यायचं नाही. देवराज अठरा वर्षं हेच करत आला होता. रोज फिनिक्स गावाहून पहिल्या बसने यायचा आणि बघणारीचा हात आपोआप पुढे यावा असं कापड उलगडायचा. काकी त्याच्या सासुरवाडीच्या, लॉंग माउंटनच्या. लेकीचं, वत्सलाचं लग्न ठरलं तेव्हा त्या रस्त्यावरची चार दुकानं ओलांडून इथे आल्या, कारण इथे आपला माणूस होता.

आपल्या माणसाने इतका आग्रह केल्यावर नाही कसं म्हणायचं? त्यात एकोणसाठ सालचा नोव्हेंबर, म्हणजे या बेटावरचा ऐन उन्हाळा, बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. काकींनी ग्लास रिकामा केला. देवराजने लगेच दुसरा भरला. अरे, एवढं तरी कळायला हवं होतं गाढवाला, की गावाकडची बाई शहरात येताना पहाटेपासून पाण्याला का शिवत नाही! त्याची आई, त्याची बायको, सगळ्या हेच करत आल्या. बाजाराच्या दिवशी चहासुद्धा नाही. याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, पण का म्हणून कधी विचारलं नव्हतं. पुरुषांचं काय, भिंत दिसली की झालं!

दोन तास गेले. साड्या झाल्या, आहेराची लुगडी झाली, पॉपलिनचे तागे समोर आले, काही कापड कापूनही झालं. वत्सला अजून रंग बघत होती, पण काकींचं लक्ष कशातच नव्हतं. बाकाची कड धरून त्या ताठ बसल्या होत्या. शेवटी त्यांनी देवराजला जवळ बोलावलं.

“मागं जरा जागा हाय का रं? मना जावाचं हाय.”

जागा नसायला काय झालं? मागच्या दाराला लागून फरशी घातलेली, नळ असलेली स्वच्छ जागा होती. दाराला कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरच्या खणात. अर्ध्या तासापूर्वीच एक टोपीवाली मादाम रिबिनीचं एक बंडल घेऊन गेली होती. तिने नुसतं विचारलं, तर मॅनेजर स्वतः उठून तिला दारापर्यंत सोडून आला होता.

देवराज टेबलाशी गेला. “मिस्ये, किल्ली पाहिजे. माझ्या गिऱ्हाइकाला.”

मॅनेजरने चष्म्यावरून बाकाकडे पाहिलं. काकींच्या अनवाणी पायांपाशी त्याची नजर थांबली.

“पा कापाव. नाही जमायचं. ती गिऱ्हाइकांसाठी नाही.”

“आत्ताच त्या मादामला दिलीत की!”

“मादामची गोष्ट वेगळी. यांना पलीकडच्या बागेत पाठव. सवय असते यांना.”

सवय! देवराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या बागेत, साठीच्या बाईने? अठरा वर्षं ‘वी मिस्ये’, ‘हो साहेब’ करत मान हलवणारा तो माणूस टेबलाला वळसा घालून गेला आणि खण ओढून त्याने किल्ली उचलली.

“देवराज! उद्यापासून कामावर यायचं नाही!”

“उद्याचं कशाला? हा आत्ताच निघालो.”

किल्ली घेऊन तो धावतच बाकाशी आला. पण उशीर झाला होता. काकी उठून उभ्या होत्या. कापडाला डाग नको म्हणून त्या चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि पायांखालची फरशी ओली झाली होती. वत्सला तोंड दाबून रडत होती. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं एकाएकी छताकडे बघायला लागली.

काकी खाली वाकल्या आणि पदराने फरशी पुसू लागल्या. देवराजने त्यांचा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या काकी. दुकानानं पाजलं, आता दुकानच पुसंल.”

“आणि ही कापलेली कापडं?” मॅनेजर मागून ओरडला.

वत्सला वळली. त्याला नीट कळावं म्हणून ती त्याच्याच बोलीत, क्रिओलमध्ये बोलली, एकेक शब्द सुटा करून: “त्या मादामला विका.”

बसच्या थांब्यापर्यंतचा रस्ता माणसांनी गच्च भरलेला. काकींची साडी मागून ओली होती. देवराज त्यांच्या अगदी पाठोपाठ चालला, त्यांच्या पावलाला पाऊल लावून, म्हणजे मागच्या कुणाला काही दिसू नये. काकींनी एकदाही वळून पाहिलं नाही.

“माझंच चुकलं रं,” त्या पुढे बघतच म्हणाल्या. “मी पिवाला नको होतं.”

“तुमचं नाय काकी. तुमचं काय सुदा नाय चुकलं.” काकींनी त्याच्या कानफटात मारली असती तरी चाललं असतं, पण हे त्याला ऐकवत नव्हतं.

लॉंग माउंटनची बस उभीच होती, निम्म्याहून जास्त रिकामी. दोघी वर चढल्या. कंडक्टर भला माणूस होता. त्याने पुढची जागा हाताने झटकली.

“आसीझे, तांतीन. बसा मावशी, सगळी जागा तुमचीच आहे.”

“नको बाबा,” काकी म्हणाल्या. “मी उभीच बरी. कुणाची जागा खराब व्हायला नको.”

कंडक्टर दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला. मग त्याने नाद सोडला. वत्सलासुद्धा बसली नाही. बस सुटली, तेव्हा मागच्या काचेतून देवराजला त्या दोघी दिसल्या, वरची दांडी धरून शेजारी शेजारी उभ्या, आणि दोन्ही बाजूंना रिकामी बाकं. लॉंग माउंटन तिथून चांगलं पाऊण तासावर होतं.