दाराच्या वरचे पाच डबे

त्या ओळीतल्या प्रत्येक दुकानाच्या दारावर काचेचे पाच डबे होते. एका डब्यात इंग्रजीतलं एक अक्षर, मागे दिवा. मालकीणबाईंच्या वडिलांनी ओळ बांधताना तशीच हौस केली होती आणि नियमही घालून दिला होता: शब्द पाच अक्षरांचाच हवा, आणि दुकानात काय चालतं ते त्यावरून कळायला हवं. चपलांच्या दुकानावर शूज होतं, घड्याळवाल्याकडे क्लॉक, कोपऱ्यावर फोन. कोणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते शिवणवालीचं. तिला मिळालेल्या खोलीवरचे तीन डबे रिकामे होते आणि दोन शाबूत, जुन्या अक्षरांसकट.

"जे धड आहे त्याला हात लावायचा नाही," मालकीणबाईंनी बजावलं होतं. "ती काच आता मिळत नाही. शनिवारी संध्याकाळी मी येईन. पाटी लागलेली दिसली तर खोली तुझी. नाहीतर फोनवाला केव्हाचा मागे लागलाय, त्याला भिंत पाडून दुकान वाढवायचंय."

शिवणवाली इतकी वर्षं भावाच्या घरी काम करत होती. आल्टर करणं, रफू, चेन बदलणं, बाह्या आखूड करणं. मशीन स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात होतं, आणि जेवणाची वेळ झाली की ते मिटून भिंतीला लावावं लागे. खोली घेतेय म्हटल्यावर दादा म्हणाला, "घरात काय कमी आहे तुला?" त्याला मशीन कधी मिटावं लागलं नव्हतं.

शब्द शोधायचं काम तिनं वहिनीवर सोपवलं. वहिनी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. नमुने यंत्रात फिरत असताना ती फोनवर शब्दकोडी सोडवायची. किती अक्षरं, कोणतं कितव्या जागी, एवढं सांगितलं की तिचा फोन शब्द काढून द्यायचा, अर्थासकट.

शिवणवाली तेव्हा खोली झाडत होती. फोन कानाला धरून तिनं दाराच्या वर नजर टाकली. "दुसरं ई, चौथं ए. बाकीचे रिकामे."

"ऐका हं, वन्सं. मेटल, धातू. लीगल, कायद्याचं. रीनल, मूत्रपिंडाचं."

"तो तुमच्या लॅबला लावा."

"डिले. म्हणजे उशीर."

"नको बाई. तेवढं गिऱ्हाईक न वाचताच म्हणतं."

"पेटल, पाकळी. पेडल..."

"थांबा! पेडल म्हणजे आपलं पायडलच ना? मशीनचं?"

"तेच की!"

दोघी एकदमच हसल्या. शिवणवालीनं त्याच दिवशी पेंटरला पी, डी आणि एल ही तीन अक्षरं कापायला सांगितली.

शनिवारी दुपारी पेंटर शिडी घेऊन आला. आत ती मशीनला तेल देत होती. तिन्ही अक्षरं बसली तशी फोनवाला बाहेर येऊन उभा राहिला आणि मोठ्यानं वाचू लागला.

"पॅडेल. वा! रॅकेटनं खेळतात तो खेळ. ताई, बॉलपण ठेवणार का?"

ती हात पुसत बाहेर आली. रस्त्यावरून पाहिलं तर दुसऱ्या डब्यात ए होता आणि चौथ्यात ई. ती पुन्हा आत गेली, वर पाहिलं, पुन्हा बाहेर आली.

"ताई, तुम्ही आतून वाचलंत," शिडीवरून पेंटर म्हणाला. "आतून ते ई उलटं दिसतं की. कळलं नाही?"

"मला सगळं उलटंच दिसतं हो. कपडा उलटा केल्याशिवाय कधी हातात घेतला नाही मी." ती पायरीवर बसली. फोनवाला अजून तिथेच उभा होता, आणि त्याची नजर दोन दुकानांमधल्या भिंतीवर होती.

तिनं वहिनीला फोन लावला.

वहिनीनं अक्षरांच्या खऱ्या जागा ऐकून घेतल्या. मग म्हणाली, "हीच तीन अक्षरं फिरवली तर एकच शब्द होतो. पेल्ड."

"म्हणजे?"

"फिका पडलेला."

"कपड्याच्या दुकानावर?"

"मी फक्त अर्थ सांगितला. बरं, दुसरा ए आणि चौथा ई: पेपर, वॉटर, कॅमल, वेफर..."

"उंट आणि वेफर्स! वहिनी, तुमचं यंत्र राहू द्या. मी माझ्या कामातल्या वस्तू सांगते, तुम्ही तपासा. कॉलर."

"सहा अक्षरं."

"बटन. पॉकेट."

"दोन्ही सहा."

"हेम. झिप."

"तीन, तीन."

"थ्रेड?"

"सहा."

तिनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात एक कोट टेबलावर पसरला. बाही, खिसा, अस्तर, कॉलर. कॉलरवरून बोट खाली सरकलं.

"लॅपेल."

ती पायरीवरून उठली.

"वहिनी?"

"एल, ए, पी, ई, एल," वहिनी सावकाश म्हणाली. "वन्सं, बसतंय. पेंटरला सांगा, डी काढ, पी मधे घे, आणखी एक एल काप."

पेंटरकडे प्लॅस्टिकचा तुकडा उरला होता. पायरीवर बसूनच त्यानं एल कापला. काढलेला डी तिच्या हातात देऊन म्हणाला, "हा डझनाचा डी ठेवून द्या. पुढे डझनभर गिऱ्हाइकं झाली की कामाला येईल."

दिवे लागले आणि थोड्याच वेळात मालकीणबाई आल्या. अंगात जुना, जड कोट. त्यांनी मान वर करून वाचलं, पुन्हा वाचलं.

"लॅपेल म्हणजे काय? अर्थ कळला पाहिजे, माहीत आहे ना?"

फोनवाला पुढे सरकला. "मलाही नाही कळला."

शिवणवालीनं मालकीणबाईंच्या कोटाकडे बोट केलं. "हे. कॉलरच्या खाली छातीवर उलटून येतं ते. आतली बाजू बाहेर वळवून बसवतात." मग तिनं वाकून पाहिलं. "आणि तुमचं डावीकडचं खाली आलंय. आतला टाका उसवलाय, म्हणून नीट बसत नाही."

मालकीणबाईंनी हनुवटी छातीला टेकवून कोटाकडे पाहिलं. "मला वाटायचं, हा कोटच तसला आहे."

"काढून द्या. वेळ लागणार नाही."

मालकीणबाईंनी क्षणभर विचार केला, कोट काढला आणि स्टुलावर बसल्या. फोनवाला "येतो मी" म्हणून निघून गेला. शिवणवालीनं कोट उलटा केला, दिव्याखाली धरला आणि उसवलेली जागा शोधून काढली.

मालकीणबाई कोट घालून गेल्या तेव्हा जेवणाची वेळ होऊन गेली होती. तिनं कात्री, खडू जागेवर ठेवले. सवयीनं हात मशीन मिटायला गेला, पण तिनं तो मागे घेतला. मशीन उघडंच ठेवून तिनं कुलूप लावलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तिथून तिनं पाचही अक्षरं सुलट्या बाजूनं वाचली.