मास्तरबाही

घरात कोणी काही बिघडवलं की त्याला 'मास्तरबाही' म्हणायचे. दूध उतू गेलं, मास्तरबाही. चुकीच्या बसमध्ये चढलं, मास्तरबाही. शब्दामागची हकिकत अशी, की ताई कोट शिवण्याच्या कारखान्यात नवी लागली त्या वर्षी तिथल्या कटिंगमास्तरांनी चाळीस कोटांच्या ऐंशी बाह्या कापल्या आणि ऐंशीच्या ऐंशी उजव्या निघाल्या. मास्तर नोकरी सोडून गेले, शब्द मात्र घरात राहिला. ताईनेच ही गोष्ट घरी रंगवून सांगितली होती. धाकटी तेव्हा शाळेत होती; तिला हसून हसून उचकी लागली होती.

आता ताई स्वतः कटिंगमास्तर होती आणि धाकटी गणितात पीएचडी करत होती. आई-वडील गेल्यावर दोघीच उरल्या होत्या. धाकटीची तोंडी परीक्षा गुरुवारी होती आणि ती पार पडली की कॉलेजातली नोकरी पक्की. रविवारी सकाळी ताई घरच्या टेबलावर एका कोटाची बाही जोडायला बसली, तर धाकटी समोर फळा घेऊन उभी.

"माझं भाषण ऐक. तुला समजलं तर कोणालाही समजेल."

"वा, केवढं हे कौतुक," ताई म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

धाकटीने सुरुवात बरी केली. म्हणाली, "विषयाचं नाव बॉर्डिझम. दोन आकार मिळून एखाद्या मोठ्या वस्तूचा पूर्ण काठ होत असतील, तर गणितात ते एकमेकांचे सोयरे. पँट घे. कमरेला एक गोल, पायांशी दोन. कापडाला तेवढेच तीन काठ. म्हणून एक गोल आणि दोन गोल सोयरे झाले."

"हे एवढं शिकायला पाच वर्षं?"

"ऐक ना! नुसत्या एका गोलावर टोपी बसवता येते, टोपीचा काठ तोच गोल. ज्याला टोपी बसते तो आकार हिशेबात शून्य. माझा आकार वरच्या मितीतला आहे, तो कागदावर काढता येत नाही आणि त्याला टोपी बसत नाही. पण मी चौथ्या प्रकरणात दाखवलंय, की तसे दोन घेतले तर दोघांना मिळून बसते. एक नळी असते, हे एक टोक, हे दुसरं. दोन्ही टोकांना माझाच आकार. म्हणजे दोन मिळून शून्य!"

ताईने मांडीवरच्या बाहीकडे पाहिलं. तीही नळीच होती, वर खांद्याचं तोंड, खाली मनगटाचं. तिने सहज खडू घेतला आणि कापड नेहमी डाव्या हाताला राहील अशा बेताने दोन्ही तोंडांच्या काठाने बाण काढले. मग बाही उभी धरली. वरचा बाण एका दिशेने फिरत होता, खालचा त्याच्या उलट.

"दोन्ही टोकं सारखी कशी गं?" ती म्हणाली. "एक उजवं, एक डावं. दोन्ही उजवी म्हणतेस, ती कुठली?"

धाकटी हसली. "ताई, तू शिवण बघ. प्रबंधात ती नळी सरळ नाही, आठ पानं वळणं घेत जाते. सरांनी तपासलंय, दोन परीक्षकांनी तपासलंय."

"बरं बाई. मला काय कळतंय त्यातलं," ताई म्हणाली. आणि खरोखर तिला आपलं चुकलेलंच हवं होतं.

धाकटी तरी प्रबंध घेऊन खिडकीशी बसली. तासाभराने तिचा आवाज आला, "त्रेसष्टावं पान." चेहरा पार उतरला होता. नळीच्या सातव्या वळणावर एक वजाचं चिन्ह तिने गिळलं होतं. टोकांना तिचा आकार आणि त्याचा आरशातला भाऊ असे दोघे होते. तसली जोडी तर कशाचीही शून्य होते, त्यात सिद्ध काय केलं? चौथं प्रकरण कोसळलं होतं आणि चौथ्याशिवाय प्रबंधात काही राम नव्हता.

"उलट-सुलट न मोजणारंही गणित असतं," ती पुटपुटली. "तिथे चाललं असतं हे."

"चादरीला चालतं. दोन्ही बाजू सारख्या. कोटाला नाही चालत."

धाकटीने प्रबंध मिटला. मग म्हणाली, "गुरुवारी कोणी विचारणार नाही. आठ पानं कोण पुन्हा वाचतंय? नोकरी लागली की सावकाश दुरुस्त करीन."

नोकरी हातची जाऊ नये असं ताईलाही वाटत होतं, धाकटीहून जास्तच वाटत होतं. मूग गिळून बसणं सोपं होतं. तिला त्याची सवय होती.

"त्या बाह्या मास्तरांच्या नव्हत्या," ती म्हणाली. "माझ्या होत्या."

"कुठल्या बाह्या?"

"ऐंशी उजव्या. मास्तर कापडाची घडी घालून कापायला सांगायचे. घडीत कापलं की वरची उजवी निघते, खालची डावी, आपोआप. मला घाई. मी घडी न घालता एकेक थर सारखा पसरला आणि एकाच नमुन्यावरून कापत गेले. मालक ओरडत आले, टेबल मास्तरांचं म्हणून मास्तरांवर. मी तिथेच उभी होते. मी ब्र काढला नाही. म्हटलं, नंतर सावकाश सांगीन."

"आणि आम्ही इतकी वर्षं..."

"हसतोय. प्रत्येक वेळी तू तो शब्द म्हणालीस की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुला तसा शब्द मागे लागू नये, एवढंच."

धाकटी रागावली होती की काय, ताईला कळेना. मग तिने फोन उचलला आणि सरांना सांगितलं. परीक्षा सहा महिने पुढे, नोकरीचं कॉलेज थांबणार नाही, हे दोन वाक्यांत संपलं. शेवटी त्यांनी विचारलं, चूक सापडली कशी?

"माझ्या बहिणीला सापडली," धाकटी म्हणाली. "ती कटिंगमास्तर आहे."

फोन ठेवून ती ढसाढसा रडली. मग तोंड धुऊन आली आणि खडूचे बाण काढलेली बाही हातात घेऊन बसली. "ताई, उजव्या बाह्या कितीही जमवल्या तरी एकही जोडी लागत नाही, हो ना? ऐंशी असू देत नाहीतर लाख."

"एकही नाही."

"मग कदाचित माझ्या आकाराबद्दल तेच सिद्ध करायचं असेल," ती म्हणाली आणि कोरा कागद शोधायला लागली.

पुढच्या रविवारी ताईने कारखान्यातल्या जुन्या इस्त्रीवाल्याकडून पत्ता मिळवला आणि दोन बस बदलून गेली. तळमजल्यावरची खोली होती. दार मास्तरांनीच उघडलं. चष्मा कपाळावर, गळ्यात टेप, केस सगळे पांढरे. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

वाटेत जुळवलेलं सगळं ती विसरली. "त्या बाह्या मी कापल्या होत्या," एवढंच तोंडातून निघालं.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "घडी न घालता मी आयुष्यात बाही कापली नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून दोन दिवस थांबलो होतो," ते म्हणाले. "मग गेलो."