तीन नंबरची जर्सी

साहेब, तुम्ही केसरला पाहिलंच नाहीत. न पाहताच तिचं नाव खोडलंत. लाल पेनाने आडवी रेघ मारलीत आणि बाजूला लिहिलंत, ‘सात सेकंद जास्त.’ बस्स. मुलगी तेवीस वर्षांची, नऊ वर्षं रग्बी खेळतेय, आणि तुम्हाला तिच्याबद्दल ठाऊक काय, तर सात सेकंद. एका खोलीत बसून तुम्ही देशाच्या संघाचे फॉरवर्ड निवडता, आणि अलिबागपर्यंत यायला तुम्हाला फुरसत नाही. तर मग त्या दिवशी मैदानावर काय झालं ते नीट ऐकून घ्या. मधे फोन उचलू नका.

अलिबागच्या निवड शिबिरात त्या सकाळी नूरैन मैदानावर आली तेव्हा तिच्या हातातल्या कागदावर सोळा नावं होती. जागा आठ. त्यातल्या सात तिने मनात भरून टाकल्या होत्या. आठवी जागा तीन नंबरच्या जर्सीची, आणि त्या जागेने तिची तीन दिवस झोप उडवली होती.

नूरैन मुरुडची. बाप मासळीचा व्यापारी, दोन्ही भाऊ कुवेतला, आणि ही मात्र देशासाठी सहा वर्षं रग्बी खेळून आली. तिचा डावा कान अजून कांदाभजीसारखा दिसतो. स्क्रममध्ये डोकी घासून घासून कान असेच होतात. लग्नात नवऱ्याकडच्या बायकांनी विचारलं, हे काय झालं? ती म्हणाली, कमाई. आता ती मुरुडच्या शाळेत शिकवते आणि देशाच्या महिला संघातल्या फॉरवर्डची प्रशिक्षक आहे.

ज्यांनी रग्बी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. संघात पंधरा जणी. पहिल्या आठ त्या फॉरवर्ड. दोन्हीकडच्या आठ-आठ जणी खांद्याला खांदा अडकवून, वाकून, एकमेकींत डोकी घालतात. मधे चेंडू टाकला की एकमेकींना मागे रेटतात. हा स्क्रम. सगळ्यात पुढच्या ओळीत उजव्या टोकाला असते ती तीन नंबर. तिच्या दोन्ही खांद्यांवर समोरच्यांचा भार येतो. ती वाकली की सगळा डोलारा कोसळला. पळणाऱ्या खूप मिळतात. तीन नंबर मिळत नाही.

केसर तीन नंबर होती. पण तीही मुरुडची, खाडीपलीकडच्या एकदऱ्याची कोळ्यांची पोर, आणि तिला खेळ शिकवला तो नूरैननेच. गोची तिथेच होती. आपल्या गावची म्हणून घेतली, असं उद्या कुणी म्हणायला नको, या भीतीने नूरैन तीन दिवस तिच्याशी धड हसलीसुद्धा नव्हती. बाकीच्या चुकल्या तर समजावायची, केसर चुकली तर खेकसायची. केसर बिचारी “व्हय मॅडम” म्हणून गप्प. त्यात पळण्याच्या चाचणीत केसरला सात सेकंद जास्त लागले. चाचणी कुठे घेतली? भर दुपारी, अलिबागच्या मऊ वाळूत. का? वरून आलेल्या पत्रात ‘किनाऱ्यावर’ लिहिलं होतं म्हणून. किनाऱ्यावर मैदानही होतं, पण पत्रात तसा खुलासा नव्हता.

तुमचा माणूस मितेश. निरीक्षक. मैदानाच्या कडेला, आखलेल्या रेषेला चिकटून त्याने प्लास्टिकची खुर्ची टाकली होती, वर छत्री, मांडीवर लॅपटॉप.

“मॅडम, मी क्लिअर सांगतो,” मितेश म्हणाला. “तीन नंबरला नूतन. तिचा टायमिंग एक नंबर आहे. केसरचं सरांना मी रात्रीच कळवलंय. नंबर झूठ नहीं बोलते.”

“नूतन आयुष्यभर मागे सहा नंबरला खेळली,” नूरैन म्हणाली. “पुढच्या ओळीत येऊन तिला दोन महिने नाही झाले.”

“पण पळते ना?”

“स्क्रममध्ये कुठे पळणार, मितेश? समोर आठ जणी उभ्या असतात.”

मितेशने लॅपटॉपमध्ये काहीतरी टाइप केलं.

खुर्चीच्या मागे केसरची आई सोनाबाई येऊन बसली होती. पहाटेची एसटी पकडून मुरुडहून आलेली, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी. रग्बीतलं तिला काही कळत नाही, पण ती गप्प बसत नाही. “ए चष्मेवाल्या दादा,” तिने मितेशला हाक मारली, “खुर्ची मागं घे रं. या पोरी अंगावर आल्या तर तुझी चटणी होल.”

“मावशी, ही ऑफिशियल जागा आहे,” मितेश म्हणाला.

“चटणी ऑफिशियल होल मग.”

नूरैनने दोन गट पाडले. पहिल्या गटात तुमच्या पसंतीच्या आठ, त्यात तीन नंबरला नूतन. दुसऱ्या गटात उरलेल्या आठ, त्यात तीन नंबरला केसर. केसरच्या समोर आली ऋतिका. नवी मुंबईची, देशाकडून चार वर्षं खेळलेली, मान अशी की हार घालायचा तर दोन जोडावे लागतील.

शिट्टी वाजली. नूरैनने पुकारा केला. मुली वाकल्या, अडकल्या, भिडल्या. चेंडू आत पडला आणि ऋतिकाच्या गटाने जोर लावला. केसरच्या गटातल्या सात जणींनीही लावला. केसरने लावलाच नाही. खांब होऊन उभी. एक बाजू पुढे, एक बाजू जागच्या जागी, अख्खा स्क्रम दारासारखा फिरला आणि धाडकन खाली बसला.

“लेट रिॲक्शन,” मितेश मोठ्याने म्हणाला आणि लिहून घेतलं.

दुसऱ्यांदा तेच. या वेळी ढिगाखालून शिव्या आल्या, त्या ओडिशाकडच्या पोरीच्या, त्यामुळे कुणाला कळल्या नाहीत, पण सगळ्यांना पटल्या.

नूरैनचं डोकं फिरलं. केसरला तिने दंडाला धरून बाजूला नेलं.

“झोपलीस का गं?”

“न्हाय मॅडम.”

“मग जोर का लावत नाहीस?”

“लाट आली न्हवती.”

“काय आली नव्हती?”

केसरने तोंडातली माती थुंकली. “मॅडम, आज नवीन पोरी हायेत ना बरोबर. घाबरले मी. घाबरले की होडीवानी ढकलते. सवय हाय.”

“होडीसारखं म्हणजे कसं? नीट सांग.”

“आता तुमाला काय सांगू? होडी वर घेताना कशी ढकलतात, बगितलंय न्हाय का तुमी?”

पाहिलं होतं. हजार वेळा पाहिलं होतं. बापाचा मासळीचा काटा बंदरावरच होता, संध्याकाळी होड्या वाळूवर चढवताना पाहत नूरैन लहानाची मोठी झाली. एक जण हाक देतो, सगळे खांदा लावतात, होडी वर सरकते. पण होडीला हात तिने कधी लावला नव्हता. व्यापाऱ्याची मुलगी, कोण लावू देणार?

“हाक दिली की ढकलतात,” ती म्हणाली.

केसर हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. “हाक ऐकून जोर लावतो तो मुंबैचा पावणा, मॅडम. कंबर त्याची जाते, होडी तितंच. हाक नुसती तयार व्हा म्हणून. मंग थांबायचं. मागनं पानी आलं की होडी हलकी होते, तवा लावायचा जोर. जड होडीला ढकलून काय मिळतंय?”

“इथे पाणी कुठून येणार, बाई?”

“पानी न्हाय. पन ऋतिकाताय हलकी व्हते ना.”

“म्हणजे?”

“सगळ्यांचा जोर एकदम लागतो, मंग दम घ्यायला एकदा सुटतो. पाय बदलतात. तवा खांद्याला कळतं, हलकं झालं. मी तेवड्याला बघत व्हते. पन तवर आमच्याच पोरींनी फिरवलान सगळा.”

सहा वर्षं नूरैन स्वतः स्क्रमच्या मधोमध खेळली होती. परदेशी प्रशिक्षकांनी फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. समोरच्याच्या दमाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ही पोर ते चूक म्हणून कबूल करत होती!

आता दोनच वाटा होत्या. केसरला सातांसारखं करायला लावायचं, नाहीतर सात जणींना केसरसारखं. पहिली वाट सोपी. मितेशही खूश, तुम्हीही खूश, गावातही कुणी काही बोलणार नाही. नूरैनला क्षणभर तीच बरी वाटली, आणि मग स्वतःचाच राग आला. गावची म्हणून घेणं हा पक्षपात, तर गावची म्हणून टाळणं हे काय पुण्य होतं?

तिने दुसऱ्या गटाला जवळ बोलावलं. “ऐका. चेंडू पडला की फक्त तग धरायचा. एक इंच मागे नाही, एक इंच पुढे नाही. केसर ‘हां’ म्हणेल. तेव्हा, आणि तेव्हाच, आठही जणींनी.”

“आणि ती म्हणालीच नाही तर?” एकीने विचारलं.

“तर जेवायच्या सुट्टीपर्यंत तसंच उभं राहायचं.”

तिसरा स्क्रम. चेंडू पडला. ऋतिकाच्या गटाने जोर लावला. समोरून काही आलं नाही, पण काही हललंही नाही. पोटऱ्या थरथरायला लागल्या, कुणाचा तरी बूट मातीत घसरला. एक सेकंद गेला. दुसरा गेला. मितेशचं बोट लॅपटॉपकडे निघालं. तेवढ्यात ऋतिकाने श्वास सोडला आणि केसर बोलली, “हांऽ!”

मग जे झालं त्याला चाल म्हणत नाहीत, वरात म्हणतात. आठ जणींची एक वस्तू झाली आणि निघाली. दोन मीटर, चार मीटर. ऋतिकाचा गट मागे मागे, पाय रोवायला जागा मिळेना. नूरैन शिट्टी तोंडात धरून बाजूने पळत होती, पण वाजवायचं विसरली. आठ मीटरवर रेषा आली, रेषेला चिकटून खुर्ची आली, खुर्चीत मितेश आला. लॅपटॉप त्याने उंच धरला, एवढी अक्कल दाखवली. बाकी तो, छत्री आणि सोळा पोरी एकाच ढिगात गेल्या.

“आता बग!” सोनाबाई उठून उभी राहिली. “बोललेली का न्हाय?”

ढिगाखालून मितेशचा आवाज आला, “माझा चष्मा... कुणी हलू नका.” कुणी हलणार कसं? सगळ्या हसून गळाल्या होत्या.

नूरैन हसली, पण तिने तिथेच निकाल लावला नाही. एका स्क्रमवर देशाचा संघ ठरवायला ती काय तुम्ही आहे, साहेब? तिने नूतनची आणि केसरची अदलाबदल केली. आता केसर पहिल्या गटात, ऋतिका तिच्याच ओळीत. पाच स्क्रम घेतले. पाचही वेळा केसरची बाजू पुढे गेली. पुन्हा बदल, पुन्हा पाच. चार जिंकले, एक हरला. हरला तेव्हा केसर स्वतःच म्हणाली, “घाई झाली मॅडम, माझी चूक.”

जेवायच्या सुट्टीत ऋतिका मान चोळत नूरैनकडे आली. “मॅडम, एक सांगू? या मुलीला माझ्या समोर ठेवू नका.”

“मग कुठे ठेवू?”

“माझ्या संघात ठेवा ना! समोर नको, मी मरेन.”

मागून नूतन आली, एक कान लाल. “आणि मला प्लीज मागे घ्या मॅडम. सहा नंबरला राखीव बसवलंत तरी चालेल. मला पळायला आवडतं. इथे नुसते कान जातात, चेंडू दिसतच नाही.”

नूरैनने कागद काढला, आठवं नाव लिहिलं आणि मितेशपुढे धरला. मितेश सोनाबाईच्या डब्यातली भाकरी खात होता. चष्म्याची एक काडी तुटलेली.

“सरांना मी काय सांगू, मॅडम?”

“तू काय पाहिलंस ते सांग.”

“पाहिलं कुठे? मी तर खाली होतो.” मग त्याने हात पुसला, चटणीचं एक बोट कागदाला लागलंच, आणि सही केली. “खालून जास्त कळतं,” तो म्हणाला.

नूरैन केसरजवळ गेली. केसर दुसऱ्याच विचारात होती. परत जायची एसटी किती वाजता, असं आईला विचारत होती. नूरैनने पिशवीतून जर्सी काढून तिच्या मांडीवर टाकली.

“घालून बघ. खांद्यात होते का?”

केसरने आकड्यावरून बोट फिरवलं. सोनाबाईने जर्सी उचलली, शिवण ताणून पाहिली आणि म्हणाली, “घट होल हिला. कोळ्यांच्या मापाची शिवत न्हाईत का वर?” मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि इतक्या जोराने नाक शिंकरलं की ओडिशाची पोर दचकली.

यादी दुपारी गेली. संध्याकाळी तुमच्याकडून परत आली, लाल रेघ मारून.

आता बोला, साहेब. नियम तुम्हीच लिहिलात: प्रशिक्षक आणि निरीक्षक, दोघांच्या सह्या असतील तर यादी पक्की. दोन्ही सह्या आहेत. जिची जागा तुम्ही जपताय तिला ती नकोय. जिच्याविरुद्ध केसर खेळली ती म्हणते, हिला घ्या. त्या दोघी, एक प्रशिक्षक आणि ढिगाखालून निघालेला तुमचाच माणूस एकच नाव सांगतोय. सोमवारी सकाळी सराव सुरू होतोय आणि केसर ती जर्सी घालून मैदानात उतरणार आहे. तिला थांबवायचं असेल तर या, आणि स्क्रममध्ये त्या सात सेकंदांचं काय करायचं ते आठ जणींसमोर समजावून सांगा. यायला जमत नसेल तर कारण लेखी द्या, खाली सही करा, आणि ती अशी करा की नाव वाचता येईल. केसर का नको? उत्तर द्या.