नमुना क्रमांक चौदा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर काळे ठिपके उमटले. निकेलच्या ऑक्साइडमधून वीज जाताना किती अडते, त्याची आमच्या प्रयोगशाळेतली ही मोजमापं. सरांनी बटण दाबलं. त्यांच्या गणितानं काढलेली लाल रेषा सरसरत आली आणि प्रत्येक ठिपक्यावरून गेली. टाळ्यांचा कडकडाट!

"मोजमापाची फाइल मी उघडतही नाही," सर डोळे मिटून म्हणाले. "इलेक्ट्रॉनच्या मनातलं माझं गणित आधीच ओळखतं."

शेजारचे वयस्कर प्राध्यापक चष्मा पुसत पुटपुटले, "साक्षात्कारच हा!"

असे तेरा साक्षात्कार आधी होऊन गेले होते. ठिपके मोजणारी मी. नमुने भाजणारी ताई. सख्खी नव्हे, पण पाच वर्षं भट्टीशेजारी आम्ही एका डब्यात जेवलो. एकदा तिनं एवढंच विचारलं, "सर, या वेळी रेषा आधी द्याल? मग आम्ही मोजू."

"भट्टीवाल्यांनी भट्टी बघावी!" सर सगळ्यांदेखत म्हणाले. महिन्याभरात तिच्या प्रबंधावर शेरा आला, 'कामात निष्काळजीपणा.' ती सामान घेऊन गेली. मी खाली मान घालून ठिपके मोजत राहिले. याची लाज अजून जात नाही.

आज, चौदाव्या वेळी मात्र मी सभागृहात उभी राहिले.

"सर, हा नमुना निकेलचा नाही." मी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. "मी हिचं शिसं मोजलं आणि त्यावर चौदा नंबर टाकला. यात निकेलचा एक अणूसुद्धा नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"ही फसवणूक आहे!" सर ओरडले.

"आहेच. मी माझी कबूल केली."

तेवढ्यात सरांची गणितं संगणकावर चालवणाऱ्या बाई उठल्या. "एका निकेलवर दोन इलेक्ट्रॉन आले की एकमेकांना ढकलतात. किती जोरानं, तो आकडा गणितात आपण घालायचा असतो. सर मला मोजमापं द्यायचे आणि रेषा ठिपक्यांवर बसेपर्यंत आकडा बदलायला लावायचे. या वेळी तो कुठल्या कुठे गेला, तरी म्हणाले, चालू दे."

बाहेर पडताना प्राध्यापक म्हणाले, "तरी सरांची साधना केवढी!" मला शिसारी आली.

संध्याकाळी ताईला फोन केला. ती आता शिकवण्या घेते.

"परत येतेस?"

"कशाला? पाच वर्षं परत देणार आहेत का?" तिनं फोन ठेवला.

गणितात खोट नव्हती. आकडा जुळवून घेतला तर तसं सांगावं, त्यात लाज नाही. जुळवून झाल्यावर त्याला भाकीत म्हणणं ही लबाडी. तेव्हा रेषा कितीही देखणी बसो, टाळी वाजवण्याआधी तिची तारीख विचारा, मोजमापाआधीची की नंतरची. आणि दुसरं कुणी विचारत असेल, तर त्याला एकटं पडू देऊ नका.